स्टेंट टाकायचा ठरलाय: मुंबईतल्या घरच्यांसाठी, अगदी सुरुवातीपासून

दादरचा पूल चढताना छातीवर दाब येतो, कठड्याला टेकून दोन मिनिटं उभं राहिलं की जातो. मुंबईत निम्म्या हृदयविकाराची सुरुवात अशीच, जिन्यावर नाहीतर रेल्वेच्या पुलावर होत असावी. काही महिने ते ‘गॅस’ या नावाखाली खपून जातं. मग ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट होते, आणि एका सकाळी कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या नळ्या तपासण्याच्या आणि उघडण्याच्या खोलीच्या, दाराबाहेर डॉक्टर सांगतात, “एक ब्लॉकेज नव्वद टक्के आहे. मेडिकेटेड स्टेंट टाकून घेऊया.”

त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला, मुलीला, सुनेला किंवा बायकोला त्या क्षणी काय माहीत असायला हवं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. स्टेंट म्हणजे हृदयाची नळी, म्हणजे रक्तवाहिनी, उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी. मेडिकेटेड किंवा औषधी म्हणजे तिच्यावर औषधाचा लेप असतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. स्टेंटवर लावलेलं औषध आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्या यांची कामं वेगळी आहेत. स्टेंटवरचं औषध रक्तवाहिनी हळूहळू पुन्हा अरुंद होऊ देत नाही. गोळ्या स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ देत नाहीत. ‘स्टेंट मेडिकेटेड आहे, मग गोळ्या कशाला’ हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, तिथे पुढे गडबड होते.

पहिली पायरी: घाई खरोखर आहे का ते ओळखा

छातीत दाब काही मिनिटं शांत बसूनही थांबत नाही, दरदरून घाम आला आहे, कळ जबड्यात किंवा हातात जाते आहे, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा किंवा कॅथलॅब असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. ‘आमचे डॉक्टर टाऊनला बसतात’ म्हणून संध्याकाळी सात वाजता बोरिवलीहून हायवेला लागू नका. मोठ्या अटॅकमध्ये रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद नळी उघडावी, असं हृदयरोगतज्ज्ञांचं उद्दिष्ट असतं. दारापर्यंत पोचायलाच तुम्ही तेवढा वेळ लावलात, तर त्या ९० मिनिटांना काही अर्थ उरत नाही. रात्रीही कॅथलॅब चालू असणारं रुग्णालय आपल्या घरापासून कुठे आहे, हे साठीच्या पुढचं माणूस असलेल्या प्रत्येक घराने आजच शोधून ठेवावं. अशा वेळी स्टेंटच्या कंपनीवर चर्चा करायची नसते.

याउलट, दुखणं फक्त चढताना किंवा भरभर चालताना येतं, बसलं की थांबतं, आणि गेले काही महिने तेवढंच आहे, तर याला स्टेबल अँजायना म्हणतात. इथे विचार करायला वेळ असतो, आणि तो मागून घ्यायला लाजू नये. ‘इस्किमिया’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. आजार स्थिर असलेल्या रुग्णांमध्ये आधी नीट औषधं देऊन पाहणं आणि लगेच अँजिओप्लास्टी (फुग्याने, स्टेंटने नळी उघडणं) किंवा बायपास करणं, या दोन्हींत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच आलं. छातीतलं दुखणं मात्र प्रक्रिया केलेल्यांचं जास्त कमी झालं. म्हणजे स्थिर आजारात स्टेंट मुख्यतः त्रास कमी करण्यासाठी असतो. हेही छोटं काम नाही. ज्याला दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना मध्येच थांबावं लागतं, त्याला विचारा. डाव्या मुख्य धमनीत ब्लॉकेज असलेले आणि हृदयाचं पंपिंग खूप कमी असलेले रुग्ण या अभ्यासात घेतले नव्हते, त्यामुळे त्यांना हा निष्कर्ष लावू नये. आणि दुखणं नवीनच सुरू झालं असेल, दिवसागणिक वाढत असेल, किंवा बसल्या जागी येत असेल, तर ते स्थिर नाहीच. तिथे थांबायचं नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अँजिओग्राफीच्या, म्हणजे डाय नावाचं द्रव्य सोडून नळ्यांची चित्रं घेण्याच्या, आधी सही करायला दिलेल्या संमतीपत्रावर पुष्कळदा ‘गरज पडल्यास अँजिओप्लास्टी’ हे शब्दही असतात. ते असणं चुकीचं नाही, कारण एकाच वेळी दोन्ही उरकलं तर पुन्हा सुई, पुन्हा डाय आणि पुन्हा दाखल होणं टळतं. पण मग चर्चा सहीच्या आधी व्हायला हवी. दोन किंवा तीन नळ्यांत ब्लॉकेज निघालं तर तिथेच स्टेंट टाकणार, की बाहेर येऊन आमच्याशी बोलणार? रुग्णाला मधुमेह असेल तर हा प्रश्न विचाराच. मधुमेह आणि अनेक नळ्यांतला आजार एकत्र असेल, तर औषधी स्टेंटपेक्षा बायपास दीर्घकाळात सरस ठरते, असं २०१२ च्या ‘फ्रीडम’ अभ्यासात दिसलं होतं. अशा रुग्णाच्या बाबतीत एका सर्जनचंही मत घेऊ द्या. चांगला कार्डिओलॉजिस्ट यावर रागावत नाही.

ब्लॉकेज ५०-७० टक्क्यांच्या सीमेवरचं असेल तर ‘एफएफआर करणार का’ असंही विचारता येतं. यात ब्लॉकेजच्या पलीकडे दाब मोजणारी बारीक तार नेतात. आकडा ०.८० किंवा त्याखाली आला तर त्या अडथळ्यामुळे हृदयाचा रक्तपुरवठा खरोखर कमी पडतो आहे असं धरतात. पडद्यावर डोळ्यांनी पाहून सांगितलेला टक्का हा शेवटी अंदाज असतो.

दुसरी पायरी: जाळीवर औषध कशाला, ते समजून घ्या

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंट्झिग या डॉक्टरने जाग्या माणसाच्या हृदयाची धमनी पहिल्यांदा फुग्याने उघडली. फुगा फुगवायचा, चरबीचा थर भिंतीकडे दाबायचा आणि फुगा काढून घ्यायचा. काम झटपट होत असे, पण सहा महिन्यांत साधारण तिघांपैकी एकाची नळी पुन्हा अरुंद होई. काही अंशी ताणलेली भिंत परत आत येई, आणि काही अंशी भिंतीला झालेली इजा भरून काढताना शरीर तिथे नको इतक्या पेशी उगवत असे.

१९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूज आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला माणसाच्या धमनीत पहिल्यांदा धातूची जाळी बसवली गेली. डॉक्टर ती समजावताना बॉलपेनमधली स्प्रिंग दाखवतात, तशीच ती दिसते, फक्त कितीतरी बारीक. भिंत आत येणं तिने थांबवलं. पेशींची वाढ मात्र थांबली नाही. उलट धातू कायम टोचत असल्यामुळे ती जाळीच्या फटींमधून आत येत राहिली. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये पाचापैकी एकाला, कधी त्याहूनही जास्त जणांना पुन्हा अडथळा येई. बहुतेकदा तो पहिल्या वर्षाच्या आतच.

मग उत्तर मिळालं ते एका मातीत. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर १९६४ साली गेलेल्या कॅनेडियन मोहिमेने तिथली माती आणली होती. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या चमूने त्या मातीतल्या जिवाणूपासून सिरोलिमस वेगळं केलं. पुढे ते मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर देण्याचं औषध झालं. पेशींचं विभाजन रोखण्याचा त्याचा गुण स्टेंट बनवणाऱ्यांच्या कामी आला. १९९९ च्या शेवटी ब्राझीलमधल्या साओ पावलोत सिरोलिमसचा लेप दिलेले स्टेंट पहिल्यांदा रुग्णांना बसवले. २००२ मध्ये ते युरोपात आणि २००३ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. आज मुंबईत टाकले जाणारे बहुतेक स्टेंट सिरोलिमसचे, किंवा त्याच्याच कुळातल्या एव्हरोलिमस आणि झोटारोलिमसचे असतात.

औषधाची मात्रा किती, याची लोकांना फार भीती वाटते. एका मध्यम लांबीच्या स्टेंटवर ते साधारण शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा-दहावा भाग असतं. पुष्कळ स्टेंटमधून त्यातलं बरंचसं पहिल्या महिन्यात आणि उरलेलं पुढच्या काही महिन्यांत भिंतीत उतरतं. इजा भरून निघण्याचा काळही तोच असतो, म्हणून ही जुळणी साधते. आताच्या स्टेंटमध्ये पहिल्या वर्षात अडथळा परत येण्याचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णात दहा टक्क्यांच्या आत आलं आहे. मधुमेह, बारीक नळी, लांबलचक ब्लॉकेज किंवा फाटा फुटतो तिथलं ब्लॉकेज असेल, तर ते वाढतं.

पण जे औषध नको असलेल्या पेशींना थोपवतं, तेच स्टेंटवर चढायला हवं असलेलं नैसर्गिक अस्तरही उशिरा येऊ देतं. अस्तर येईपर्यंत धातू रक्तात उघडा राहतो, आणि उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते. पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटमध्ये वर्ष-दोन वर्षांनीही अशा गुठळ्या दिसल्या आणि २००६ साली जगभर यावर खळबळ माजली. त्यानंतर जाळीच्या तारा पातळ झाल्या. पहिल्या सिरोलिमस स्टेंटची तार १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती, आताच्या बऱ्याच स्टेंटची ६० ते ८० मायक्रॉन असते. औषध धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा थरही सुधारला, काहींत तर तो काही महिन्यांनी विरघळून जातो. धोका खूप कमी झाला, शून्य झाला नाही. गोळ्यांचं महत्त्व आहे ते यासाठी.

तिसरी पायरी: कुठला स्टेंट, केवढ्याचा

फेब्रुवारी २०१७ पूर्वी औषधी स्टेंटसाठी लाख-सव्वा लाख, कधी त्याहून जास्त मोजणारी माणसं तुमच्याच नात्यात असतील. त्या महिन्यात राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी स्टेंट २९,६०० रुपये, कर वेगळा. ही मर्यादा वेळोवेळी बदलते. २०२५ मध्ये औषधी स्टेंटची मर्यादा ३९ हजारांच्या किंचित आत होती. चालू आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

मर्यादा सगळ्या औषधी स्टेंटना एकच आहे, देशी असो की परदेशी. म्हणून ‘देशी हवा तर तीस हजार, इम्पोर्टेड हवा तर एक लाख दहा’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, “बिलावर स्टेंटची किंमत वेगळी दाखवा.” रुग्णालयाने बिलात स्टेंटची किंमत, ब्रँडचं नाव, बनवणारी कंपनी आणि बॅच क्रमांक स्वतंत्र लिहिणं बंधनकारक आहे. मात्र किंमत बांधली गेली ती स्टेंटची. फुगा, तार, कॅथेटर, कॅथलॅबचं भाडं, डॉक्टरांची फी आणि खोली मिळून खरं बिल बनतं. एक स्टेंट टाकायचा खर्च शेजाऱ्याला किती आला यावरून आपला हिशेब मांडू नका. एकूण खर्चाचा अंदाज लेखी घ्या, दोन स्टेंट लागले तर किती तेही त्यातच लिहून घ्या.

देशी की परदेशी, यावर घरात सगळ्यात जास्त भांडणं होतात. सुरतेत बनणाऱ्या एका पातळ तारेच्या सिरोलिमस स्टेंटची युरोपातल्या १,४०० हून अधिक रुग्णांवर नावाजलेल्या परदेशी एव्हरोलिमस स्टेंटशी थेट तुलना झाली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निकाल आले आणि वर्षभराच्या हिशेबात तो कमी पडला नाही. याचा अर्थ प्रत्येक देशी स्टेंट तितकाच तपासलेला आहे असं नव्हे. डॉक्टरांना एवढंच विचारा: हा स्टेंट तुम्ही नेहमी वापरता का, आणि त्यावर मोठे अभ्यास झालेत का? माझ्या मते हाताला सवय असलेला, चांगला अभ्यासलेला स्टेंट पुरे. नळीच्या मापाचा नीट बसवला गेला की नाही, याने ब्रँडपेक्षा जास्त फरक पडतो.

‘विरघळणारा स्टेंट’ असं कानावर आलं तर दोनदा विचारा. काही स्टेंटचा फक्त औषधाचा थर विरघळतो, जाळी राहते. ते आता नेहमीचे झाले आहेत. अख्खी जाळीच विरघळणारा सर्वात गाजलेला स्टेंट, ‘अ‍ॅब्सॉर्ब’, गुठळ्यांचं प्रमाण जास्त दिसल्यावर कंपनीने २०१७ मध्ये विकणं बंद केलं.

चौथी पायरी: पैसे आणि जागा

परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं आणि भायखळ्याचं सरकारी जे. जे., इथे हृदयरोग विभाग आहेत आणि खर्च खाजगीच्या मानाने फार कमी येतो. गर्दी असते, रांग असते, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात. सोबत धडधाकट नातेवाईक हवाच. पण रोज होणाऱ्या भरपूर केसेसमुळे तिथल्या डॉक्टरांचा हात बसलेला असतो, हे लक्षात असू द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसोबत चालते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि पिवळ्या-केशरीसोबत पांढरं रेशनकार्डही चालतं. अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. योजनेत असलेल्या खाजगी रुग्णालयांतही ती घेता येते. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा, कॅश काउंटरवर नंतर. मंजुरी प्रक्रियेच्या आधी लागते. तातडीच्या केसमध्ये फोनवरून कळवून काम सुरू करता येतं. शंका असल्यास १५५३८८ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. एकदा खाजगी पेशंट म्हणून डिपॉझिट भरून काम झालं, की मग योजनेत बसवून घ्यायला फार कष्ट पडतात.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटावं लागतं. पाटी दारावर मोठ्या अक्षरात नसेल, तरी विचारा. मेडिक्लेम असेल तर टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर पॉलिसी, जुने रिपोर्ट आणि मधुमेह-रक्तदाब कधीपासून आहे याचा खरा तपशील द्या. लपवलेला मधुमेह क्लेमच्या वेळी बरोबर बाहेर येतो.

पाचवी पायरी: टेबलावर

इथे फार घाबरण्यासारखं नाही. मूत्रपिंडाची स्थिती पाहायला क्रिएटिनिन तपासतात, कारण डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल, पूर्वी कधी डायची अ‍ॅलर्जी आली असेल, दमा असेल, तर आधीच सांगा. सुई बहुधा मनगटातून जाते. पूर्वी जांघेतून जात असे आणि कितीतरी तास पाय सरळ ठेवून पडावं लागे. आता रुग्ण थोड्या वेळाने उठून चहा पितो. भूल फक्त सुईच्या जागेपुरती असते. फुगा फुगतो तेव्हा काही सेकंद छातीत पूर्वीसारखंच दुखू शकतं, ते डॉक्टरांना सांगायचं.

एक गोष्ट विचारून ठेवा: आतून पाहणार आहात का? आयव्हीयूएस किंवा ओसीटी या पद्धतीत नळीच्या आत बारीक कॅमेऱ्यासारखी कॅथेटर नेऊन स्टेंट भिंतीला पुरता टेकला आहे का ते पाहतात. खर्च वाढतो. पण लांब ब्लॉकेज, मुख्य धमनी, फाट्याची जागा किंवा खूप चुना साचलेली नळी असेल तर तो खर्च करावा. नीट न फुगलेला स्टेंट हे पुन्हा अरुंद होण्याचंही आणि गुठळीचंही मोठं कारण आहे. कितीही औषध लावलं तरी ती चूक त्याने भरून निघत नाही.

बाहेर आल्यावर स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर फाइलमध्ये लावला आहे का पाहा. कंपनी, माप, बॅच क्रमांक त्यावर असतो. स्टेंट कार्ड मागा, अँजिओची सीडी मागा. घरी पोचल्या पोचल्या कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा.

सहावी पायरी: गोळ्या, आणि इथे ढिलाई चालणार नाही

डिस्चार्ज कार्डवर दोन गोळ्या रक्त पातळ ठेवणाऱ्या असतील. एक अ‍ॅस्पिरिन. दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एखादी. कधी दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात, त्यामुळे ‘मला तर एकच लिहिलीय’ असं वाटू शकतं, नाव वाचा. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यायची असते, आणि संध्याकाळची मात्रा विसरणं ही मुंबईकराची खास अडचण, कारण तो त्या वेळी लोकलमध्ये असतो. बॅगेत एक पट्टी वेगळी ठेवा.

दोन्ही गोळ्या किती दिवस? स्थिर आजारात टाकलेल्या स्टेंटनंतर साधारण सहा महिने, अटॅकनंतर साधारण वर्षभर. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत डॉक्टर हा काळ एक ते तीन महिन्यांपर्यंतही आणतात. म्हणून शेजारच्या काकांच्या बंद झाल्या म्हणजे आपल्याही बंद, असा हिशेब नाही. ‘दोन्ही गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत’ हे डिस्चार्जच्या दिवशी तारखेसकट लिहून घ्या. त्यानंतरही एक गोळी बहुतेकांना आयुष्यभर चालू राहते.

गोळी चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, दाताचा डॉक्टर. दाढ काढायची म्हणून पाच दिवस आधी दोन्ही गोळ्या बंद करायला सांगितल्या जातात, आणि रुग्ण करतोही. बहुतेक दातांची कामं गोळ्या चालू ठेवून होतात. मोतीबिंदू, हर्निया, एंडोस्कोपी, काहीही निघालं तरी आधी कार्डिओलॉजिस्टला फोन. शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यासारखी असेल तर ती ढकलली जाते. दुसरी जागा, उपवास. संकष्टीला, एकादशीला किंवा रोज्यात ‘आज औषध नको’ असं घरातली वडीलधारी माणसं परस्पर ठरवतात. संकष्टी-एकादशीचा उपास औषधाने मोडत नाही, आणि रोज्यात वेळ बदलून घ्यायची तर ती डॉक्टरांशी बोलून. तिसरी जागा, गावाला जाणं. गणपतीत कोकणात आठ दिवस म्हणून गेलेला माणूस पंधरा दिवस राहतो, आणि वाडीवरच्या दुकानात टिकाग्रेलॉर मिळेलच असं नाही. जास्तीच्या पट्ट्या बरोबर न्या.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मुंबईत जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो फिरत असतात आणि त्यांत प्लेटलेट पडतात. त्या वेळी रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि घाबरून दोन्ही बंद केल्या तर नव्या स्टेंटमध्ये गुठळीचा. दोन्हीकडून पेच. ताप आला की पहिल्याच भेटीत फॅमिली डॉक्टरांना सांगा, “तीन महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलाय, या गोळ्या चालू आहेत.” पुढचा निर्णय त्यांनी आणि कार्डिओलॉजिस्टने मिळून घ्यायचा. तापासाठी पॅरासिटामॉल. कंबर दुखली म्हणून केमिस्टकडून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि हृदयालाही ती चांगली नाहीत.

त्वचेवर निळे डाग, दाढी करताना जरा जास्त वेळ रक्त येणं, हे होतं. शौचाला डांबरासारखं काळं होणं, लघवीतून रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी, हे मात्र त्याच दिवशी दाखवायचं. टिकाग्रेलॉरने काहींना उगाचच दम लागल्यासारखं वाटतं. ते फुप्फुसाचं दुखणं नसतं, पण गोळी स्वतःहून सोडायचीही नसते. डॉक्टर बदलून देतात. पित्तासाठी क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्रॅझोल टाळतात, पँटोप्रॅझोल बरं.

कोलेस्टेरॉलची गोळी हा तिसरा भिडू, आणि लोक सगळ्यात आधी तिलाच सोडतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, मग बंद केली.’ स्टेंट एका जागेपुरता असतो. बाकीच्या नळ्या त्याच रक्तात भिजत असतात. स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली ठेवावं असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि आपल्या प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ची रेघ त्याच्या बरीच वर असते. चार-सहा आठवड्यांनी तपासा, आकडा डॉक्टरांना दाखवा. आलं, लसूण, लिंबू आणि व्हिनेगर उकळून ब्लॉकेज विरघळवणारा काढा तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. त्याने पित्त वाढतं, एवढं खात्रीने सांगता येईल.

सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. यात तडजोड नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. विमानतळावरचा मेटल डिटेक्टर वाजत नाही, आताच्या स्टेंटवर एमआरआयही करता येतो, फक्त स्टेंट कार्ड दाखवा. शिंकल्याने, खोकल्याने किंवा लोकलच्या धक्क्याने स्टेंट जागचा हलत नाही.

सातवी पायरी: पुन्हा दुखलं तर

दोन चित्रं वेगळी ओळखायला शिका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते अचानक होतं: जोरात दुखणं, घाम, अटॅकच. पहिल्या महिन्यात याची शक्यता सर्वात जास्त, विशेषतः गोळ्या सुटल्या असतील तर. तेव्हा थेट कॅथलॅब, आणि पोचताच सांगायचं की इथे स्टेंट आहे, अमुक दिवशी टाकला, गोळी अमुक दिवशी चुकली. गोळी चुकल्याचं लपवू नका, तिथे कोणी ओरडायला बसलेलं नाही.

पुन्हा अरुंद होणं मात्र हळूहळू येतं. साधारण तीन महिने ते वर्षाच्या दरम्यान, तोच जुना पूल चढताना तोच दाब परत जाणवू लागतो. मधुमेहींना पुष्कळदा दुखत नाही, नुसताच दम लागतो किंवा थकवा येतो, म्हणून त्यांच्यात ते उशिरा कळतं. पहिल्या वर्षानंतरही धोका पूर्ण जात नाही. नव्या स्टेंटमध्येही दरवर्षी दोन टक्क्यांच्या आसपास रुग्णांना स्टेंटशी निगडित त्रास उद्भवत राहतो, काही वेळा स्टेंटच्या आत नव्याने चरबी साचून. त्रास नसेल तर मात्र ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून वर्षाने अँजिओग्राफी करून घेण्याची गरज नसते.

अडथळा परत आला तर आधी आतून पाहून कारण शोधायला हवं. स्टेंट कमी फुगला होता का, कडेला नवीन ब्लॉकेज आहे का, की पेशीच वाढल्या आहेत? कमी फुगलेला असेल तर जास्त दाबाच्या फुग्याने तो पूर्ण उघडतात. पेशींची वाढ असेल तर दुसरा औषधी स्टेंट आत टाकतात, किंवा औषधाचा लेप असलेला फुगा वापरतात. तो फुगा काही क्षण भिंतीला टेकून औषध सोडतो आणि बाहेर येतो. आत धातूचा आणखी एक थर राहत नाही. एका जागी आधीच दोन थर असतील तर फुगाच बरा, असं पुष्कळ डॉक्टर मानतात. फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल असतं किंवा सिरोलिमस, आणि दोन्ही भारतात मिळतात. वारंवार बंद होत असेल, मधुमेह असेल, इतर नळ्याही खराब असतील, तर बायपासचा विषय पुन्हा काढायला हवा.

या दुसऱ्या खेपेला रुग्णालय बदललं असेल, तर जुनी सीडी, स्टिकर आणि डिस्चार्ज कार्ड नव्या डॉक्टरांच्या टेबलावर आधी ठेवा. तीन मिलिमीटरचा स्टेंट साडेतीनच्या नळीत गेला होता का, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं.